कपाळावरची शिवण

नऊ नंबरच्या कपाळावर शिवण होती. मी अलंकारिक वगैरे काही बोलत नाही, खरीखुरी शिवण. भुवयांच्या वर बारीक पांढरे आडवे व्रण, एकाशेजारी एक, गोणपाटाला दाभणानं टाके घालावेत तसे. नवखा माणूस ते बघायचा, नजर चुकवायचा आणि घाईघाईनं हवेबद्दल बोलायला लागायचा. आमच्या सईला नजर चुकवणं ठाऊक नव्हतं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पहिल्याच भेटीत, मधल्या कुंपणापाशी उभं राहून तिनं सरळ विचारलं, "हू स्टिच्ड यू?" मी "सई!" म्हणून दटावेपर्यंत ते गुडघ्यांवर हात टेकून तिच्या उंचीला आले होते. "बॉलनं," ते म्हणाले. "दर शनिवारी थोडं थोडं."

पूर्वी फुटबॉल जाड कातड्याचा असे. आतला रबरी फुगा भरला की वरचं तोंड नाडीनं आवळून बांधत, बुटासारखं. त्या नाडीचा उंचवटा बॉलच्या एका बाजूला राही. उंचावरून येणाऱ्या बॉलला डोकं लावताना नेमकी ती बाजू समोर आली की कपाळ फाटे. हे सगळं त्यांनी सईला त्याच दिवशी, एका हातात झाडांना पाणी घालायचा पाइप धरून समजावलं. पाइपचं पाणी तेवढा वेळ माझ्या बुटांवर पडत होतं.

आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीला घर घेतलं तेव्हा हे नवरा-बायको आमचे सख्खे शेजारी झाले. त्यांचं नाव आर्थर, बायकोचं डोरिस. ऐंशीच्या आसपासचे दोघं. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर लाल रंग उडून विटकरी झालेली एक जर्सी टांगलेली होती आणि तिच्या पाठीवर नऊचा आकडा शिवलेला होता. माझ्या बायकोनं, म्हणजे मेधानं, लगेच त्यांचं नामकरण केलं. "नऊ नंबरांकडे कढीपत्ता देऊन येते" असं आमच्याकडे सर्रास चाले. त्या कढीपत्त्याचं डोरिस काय करत असे ते आम्ही कधी विचारलं नाही. सई त्यांना नाइन आजोबा म्हणायची. त्यांना ते इतकं आवडलं की वाढदिवसाच्या कार्डावर ते स्वतः सही तशीच करायला लागले.

उत्तर इंग्लंडमधल्या एका कोळशाच्या गावचे ते. शाळा सुटली तशी खाणीत गेले, आणि खाणीच्या टीममधून गावच्या क्लबात. नऊ नंबर म्हणजे सेंटर फॉरवर्ड, सगळ्यांच्या पुढे उभा राहून गोल मारणारा. ते फार उंच नव्हते, पायानंही तसे बेताचेच होते. हे त्यांचंच म्हणणं. "देवानं मला दोन लाकडी पाय दिले आणि एक डोकं दिलं. मी डोकं वापरलं." वापरायचं म्हणजे आपण म्हणतो तसं नव्हे. जमिनीवरून उडी मारायची, मानेचा झटका द्यायचा आणि कपाळानं बॉल जाळ्यात घालायचा. त्यांचे बहुतेक गोल डोक्यानं मारलेले.

पुढे तिकडचं खेळणं आटोपल्यावर अमेरिकेत नव्यानं फुटबॉलची लीग निघाली म्हणून ते इकडे आले. ती लीग टिकली नाही, हे टिकले. इथल्या शाळेत त्यांनी देखभालीचं काम धरलं, बॉयलर, नळ, दारांच्या बिजागऱ्या, आणि तिथूनच रिटायर झाले. शाळेत कुणालाही माहीत नव्हतं की नळ दुरुस्त करणारा हा माणूस एकदा देशाकडून खेळलाय. एकदाच. "पहिला हाफ मला आठवतो," ते सांगायचे. "दुसऱ्या हाफचं बिलीनं सांगितलं." आम्ही हसायचो. ते हसवायचेच तसं.

बिली त्यांचा विंगर. विंगर म्हणजे कडेनं बॉल पळवत नेऊन मधल्या नऊ नंबरच्या डोक्यावर टाकणारा. नऊ नंबरांच्या बोलण्यात डोरिसपेक्षा बिली जास्त येई, आणि डोरिस त्यावरून त्यांना टोमणेही मारे. बिलीची एक खुबी होती. तो बॉल असा मारायचा की हवेत फिरत फिरत आला तरी आर्थरच्या कपाळापाशी पोचताना नाडी पलीकडच्या बाजूला असायची. हे खरंच शक्य आहे का मला माहीत नाही. मी इंजिनियर आहे, मला शंका येते. पण ते शपथेवर सांगायचे. "ज्याला तुझ्या डोक्याची काळजी, तो नाडी पलीकडे ठेवतो," असं ते म्हणत, आणि कुणाबद्दल चांगलं बोलायचं असलं की त्यांचं सर्टिफिकेट ठरलेलं होतं. मेधा एकदा डोरिसच्या आजारपणात आठवडाभर वरण-भात पोचवत होती, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी बायको नाडी पलीकडे ठेवणारी आहे." मी घरी येऊन सांगितलं. मेधाला वाटलं, वरणात काहीतरी निघालं.

आमच्याकडे गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ते दोघं दरवर्षी येत. मोदक नऊ नंबर काट्यानं खात. एका वर्षी त्यांना आमच्या मित्रमंडळींनी घेरलं आणि किस्से सांगायला लावले. आधी दातांचा झाला. पुढचे दात तरुणपणीच गेलेले, म्हणून मॅचआधी सगळे फॉरवर्ड आपापल्या कवळ्या रुमालात गुंडाळून ट्रेनरकडे देत. एकदा ट्रेनरनं रुमालांची अदलाबदल केली आणि ह्यांनी रात्रभर बिलीच्या दातांनी मासे खाल्ले. मग दुसरा किस्सा. एका मॅचमध्ये समोरच्या खेळाडूच्या डोक्यावर डोकं आपटून हे आडवे झाले. ट्रेनर बादली घेऊन धावला, थंड पाण्याचा स्पंज तोंडावर पिळला, नाकाखाली काहीतरी उग्र धरलं आणि म्हणाला, ऊठ. हे उठले, खेळले, शेवटच्या मिनिटाला गोल मारला, मॅच जिंकली. परतीच्या बसमध्ये ह्यांनी बिलीला विचारलं, "आज मॅच का रद्द झाली रे?"

हॉलमध्ये हशा उसळला. "काय यार, सॉलिड आहेत हे," कुणीतरी म्हणालं. फक्त डॉक्टरकाका हसले नाहीत. डॉक्टरकाका म्हणजे आमच्याकडचे जुने जाणते, चाळीसेक वर्षांपूर्वी इकडे आलेले, मेंदूच्या विकारांचे डॉक्टर, आता रिटायर झालेले. त्यांच्या हातात अर्धा मोदक होता तो तसाच राहिला. जाताना बूट घालता घालता त्यांनी मला विचारलं, "हे किती वर्षं खेळले म्हणालास?" मी म्हटलं, पंधरा-सोळा. "हं," म्हणाले, आणि नाडी बांधून गाडीकडे गेले.

त्या सुमाराला सईचं शाळेत फारसं बरं चाललं नव्हतं. अभ्यासात नव्हे, मधल्या सुट्टीत. डबा एकटीनं खायची. गावच्या मुलींच्या सॉकर टीममध्ये तिला घेतलं नाही तेव्हा कुंपणापाशी रडत बसली आणि नऊ नंबरांनी तिला पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेपलच्या फांदीला दोरी बांधून नवा हलका बॉल लटकला होता, सईच्या कपाळापेक्षा वीतभर वर. बाजूला बादलीत त्यांचा जुना कातडी बॉल भिजत पडलेला. आधी त्यांनी तिला तो उचलायला सांगितला. रात्रभर पाणी प्यायलेला तो गोळा तिला छातीच्या वर नेता येईना. "आमच्याकडे हिवाळाभर पाऊस. हा असा वरून यायचा," ते म्हणाले. "तू नशीबवान आहेस, लास." आपण पोरी म्हणतो तसं ते तिला लास म्हणत.

शिकवणी सुरू झाली. डोळे मिटायचे नाहीत. बॉल कपाळावर येऊ द्यायचा नाही, कपाळ बॉलवर न्यायचं. मान ताठ, तोंड बंद, नाहीतर जीभ जाईल. आणि दहा वेळा. दिवसाला दहाच, ते बोटांवर मोजत. दहा झाले की बॉल काढून दोरी फांदीवर टाकून द्यायचे. सई "वन मोअर, वन मोअर" करायची, पण तिथे ते ऐकत नसत. एरवी तिला आइस्क्रीमचा तिसरा गोळाही मिळे, अकरावा हेडर मिळत नसे. मी एकदा विचारलं, दहाच का? ते म्हणाले, "पुरे आहेत." आणि पाइप घेऊन टोमॅटोंकडे गेले.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगायला मला आवडत नाही, पण तिच्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होत नाही.

माझे वडील साताऱ्याजवळ शाळेत मास्तर होते. त्यांचा एकच मंत्र: कुठलीही गोष्ट रोज, पहाटे, एकशे आठ वेळा. पाढे झाले, सूर्यनमस्कार झाले, इंग्रजी स्पेलिंगं झाली. त्या जोरावर मी इथवर आलो असं मी मानत आलो. त्यामुळे आपली मुलगी दिवसाला दहा वेळा बॉलला डोकं लावते हे मला हातचं राखून शिकवल्यासारखं वाटलं. गोऱ्या माणसाची रिटायर्ड चालढकल. मी आमच्या गॅरेजमध्ये आडव्या पाइपला दोरी बांधली, बॉल लटकवला आणि शाळेच्या बसआधी सईचा रियाज सुरू केला. मोजायला आईची तुळशीची माळ घेतली. सईला ते आवडायचं. बाबा तिच्यासाठी लवकर उठतात, गॅरेजमध्ये हीटर लावतात, माळ ओढतात. एकशे आठ झाले की आम्ही टाळी द्यायचो. नऊ नंबरांना आम्ही हे सांगितलं नाही. सईला त्यांना चकित करायचं होतं, आणि मलाही.

चकित ते झालेच. वसंतात टीमनं तिला घेतलं, आणि दोन महिन्यांत ती टीमची नऊ नंबर झाली. कॉर्नरवरून बॉल उडाला की बाकीच्या मुली मान खाली घालत, आमची सई वर जाई. पहिली स्पर्धा जिंकल्यावर सगळ्या टीमला आम्ही आयसेलिनला ओक ट्री रोडवर पाणीपुरी खायला नेलं. मुलींनी डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली. सईच्या आजूबाजूला पाच मैत्रिणी होत्या आणि मी त्या मोजल्या. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकला. माळेचं रहस्य मी दोन-तीन बापांना खासगीत सांगितलंही.

डोकं दुखतं असं ती त्याच सुमाराला म्हणायला लागली. मेधा म्हणाली, "अरे, ते गॅरेजमधलं बंद कर जरा." मी म्हटलं, "चष्मा लागला असेल." डोळे तपासले, बारीकसा नंबर निघाला. मला केवढं बरं वाटलं! चष्मा केला, निळ्या काड्यांचा. सकाळी गॅरेजमध्ये ती तो काढून हीटरवर ठेवायची. माझं पोट सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर चालतं. टेस्टर आहे मी. दुसऱ्याच्या कामात बारीक चूक शोधल्याचं मला बक्षीस मिळालेलं आहे.

नऊ नंबरांचं काय चाललंय हेही मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. आधी प्रश्न दोनदा यायला लागले. "सईची मॅच कधी?" मी सांगे, शनिवारी. टोमॅटोला पाणी घालून होईस्तोवर पुन्हा, "सईची मॅच कधी?" वयाचं म्हणून सोडून दिलं. मग कढीपत्ता घेऊन गेलेल्या मेधाला त्यांनी दारात "काय हवंय?" असं विचारलं, अनोळखी माणसाला विचारावं तसं. मग एका सकाळी ऑफिसला निघताना पाहिलं तर ते पत्रपेटीजवळ उभे. कोट, टोपी, हातात छोटी कातडी बॅग. "बस उशीर करतेय," ते म्हणाले. मी विचारलं, कुठली बस? "टीमची," म्हणाले. "बिली अजून आला नाही." तेवढ्यात डोरिस बाहेर आली. तिनं न चिडता, न घाबरता त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आज मैदान गोठलंय, आर्थर. मॅच पुढे ढकलली." तिला हे वाक्य सहज आलं, म्हणजे ते आधी बऱ्याचदा म्हणून झालेलं असणार.

त्या दिवशी दुपारी डोरिसनं मला बोलावून फायरप्लेसवरचा फोटो दाखवला. पाच फॉरवर्ड, हाताची घडी घालून, केस चोपून बसवलेले. तिनं एका बाजूनं बोट ठेवत नेलं. हा गेला, शेवटी मुलांना ओळखत नव्हता. हा गेला, तसाच. हा अजून आहे, पण त्याला ते माहीत नाही. मग बिलीवर बोट आलं आणि तिनं खोक्यातून ख्रिसमसची कार्डं काढली. जुन्या कार्डांवर बिलीचं ठसठशीत अक्षर. पुढे अक्षर वाकडं होत गेलेलं, एका कार्डावर आर्थरचं नाव दोनदा लिहिलेलं. त्यानंतर बिलीच्या बायकोचं अक्षर. त्यानंतर कार्ड नाही. "आर्थर दर वर्षी पाकीट न उघडता आधी पत्ता बघायचा, अक्षर कुणाचं आहे ते," डोरिस म्हणाली. "त्याला सगळं माहीत आहे, लव्ह. अमेरिकेत कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं." घरी आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे माळ नेहमीप्रमाणे खुंटीवर होती. मला त्या फोटोतलं आणि आमच्या गॅरेजमधलं नातं दिसायला हवं होतं. मी हीटर लावला.

नऊ नंबर आले आणखी आठवड्याभरानं. सकाळची वेळ, गॅरेजचं दार अर्धं उघडं. सई मोजत होती, "सिक्स्टी-थ्री, सिक्स्टी-फोर," आणि मी माळ ओढत होतो. दाराखालून आधी त्यांच्या सपाता दिसल्या. मग ते वाकून आत आले. कोट होता, बॅग होती, म्हणजे बसचीच वाट बघायला निघालेले. पण डोळे त्या क्षणी अगदी लख्ख होते. एवढे लख्ख मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"किती?" त्यांनी विचारलं.

सईनं घाम पुसला. "वन-ओ-एट! एव्हरी डे, नाइन आजोबा! सिन्स ऑक्टोबर!"

तेव्हा मे चालू होता.

भिंतीवरच्या माझ्या हत्यारांतून त्यांनी झाडं छाटायची कात्री उचलली. दोरी पहिल्या दोन वेळा निसटली. तिसऱ्यांदा कापली गेली. बॉल खाली पडून गाडीखाली गेला. सई रडायला लागली. त्यांनी बॅग खाली ठेवली, दोन्ही हातांत तिचं डोकं धरलं आणि कपाळावर अंगठा फिरवत राहिले, जसं काही फुटलंय का ते चाचपत होते.

"मी दहा सांगितले होते," ते मला म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "मी शून्य सांगायला हवे होते. मला तेव्हाही माहीत होतं. पण पोर रडत होती, आणि मला दुसरं काही शिकवता येत नाही."

मी त्यांना सॉरी म्हणालो. मी इतक्या लोकांना इतक्यांदा सॉरी म्हणतो या देशात, धक्का लागला तरी म्हणतो. त्या शब्दाचं काही झालं नाही. त्यांनी बॅग उचलली, दारापर्यंत गेले, वळले आणि अगदी प्रेमानं विचारलं, "सईची मॅच कधी?"

मेधा दुसऱ्या दिवशी एकच वाक्य बोलली. "त्यांच्या डोक्यात एवढं सगळं विस्कटलेलं असताना त्यांना कळलं, आणि तू शुद्धीवर होतास." सईला आम्ही डॉक्टरकाकांकडे नेलं, त्यांनी सांगितलं त्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल आलं. मी रिपोर्ट छातीशी धरला. डॉक्टरकाका चष्मा पुसत म्हणाले, "हे आज दिसत नसतं. दिसलं तर पुढे दिसतं. कदाचित कधीच काही होणार नाही." मी विचारलं, पुढे म्हणजे कधी? "लक्ष ठेव," एवढंच म्हणाले. सात महिने गुणिले एकशे आठ हा गुणाकार मी एकदा केला. पुन्हा केला नाही. लहान मुलांच्या सॉकरमध्ये डोक्यानं बॉल मारायला इकडे पुढे बंदीच आली. मंडळाच्या ग्रुपवर ती बातमी कुणीतरी टाकली आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्या बापांना मी माळेचं सांगितलं होतं, त्यांना एकेकाला फोन केले. एक म्हणाला, "आम्ही तर कंटाळून पंधरा दिवसांतच सोडलं, यार." त्याच्या आळशीपणाचा मला हेवा वाटला.

सई टीममध्ये राहिली, पण बॉल उंच आला की ती आता पाय रोवून उभी राही. प्रशिक्षकानं वर्षअखेरीस तिला बाकावर बसवलं, पुढच्या वर्षी तिनंच नाव काढून घेतलं. पाच मैत्रिणींतल्या दोन उरल्या. त्याबद्दल ती माझ्यावर कधी रागावली नाही, आणि ते मला जास्त लागतं.

नऊ नंबरांना शेवटी विस्मरणाच्या रुग्णांसाठी असलेल्या एका निवासात ठेवावं लागलं. डोरिस रोज जाई, आम्ही रविवारी. डोरिस कोण हे त्यांना कळत नव्हतं, पण ती आली की खुर्ची सरकवून देत. तिथे दुपारी सगळ्यांना गोलात बसवून फुग्याचा खेळ घेत, फुगा हातानं एकमेकांकडे ढकलायचा. एका रविवारी आम्ही गोलाबाहेर उभे होतो आणि तो पिवळा फुगा त्यांच्याकडे उंचावरून आला. महिनाभर आधाराशिवाय न उठलेला माणूस खुर्चीतून उठला. डोळे उघडे, मान ताठ, तोंड बंद. कपाळानं त्यांनी तो फुगा असा मारला की तो सरळ समोरच्या बाईंच्या मांडीवर गेला. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या गोलानं वाजवल्या. सईनं वाजवल्या नाहीत. ती तेव्हा चौदाची होती. तिनं माझी बाही पकडली होती.

फुगा फिरून परत त्यांच्या हातात आला. त्यांनी तो मारला नाही. हातात धरून हळूहळू फिरवत राहिले, काहीतरी शोधत. गाठ सापडली. ती त्यांनी बोटानं चाचपली, फुगा वळवला, गाठ स्वतःच्या बाजूला घेतली आणि मग सईकडे पाहून, ती कोण हे अजिबात न ओळखता, अगदी अलगद तिच्याकडे सोडला. सईनं तो दोन्ही हातांनी झेलला.

त्याच हिवाळ्यात ते गेले. मेंदू संशोधनासाठी द्यायचा, हे त्यांनी फार आधी, अक्षर ठीक होतं तेव्हा लिहून ठेवलं होतं. संशोधकांचं पत्र आलं तेव्हा डोरिसनं ते मला वाचायला दिलं, तिचा चष्मा सापडत नव्हता. त्यात तेच होतं जे तिला ठाऊक होतं. तिनं फोटोतल्या पाचव्या माणसावर बोट ठेवलं आणि चहाला आधण ठेवायला आत गेली. पुढे ती बहिणीकडे इंग्लंडला परतली. जाताना जर्सी सईला दिली.

सई आता चोवीस वर्षांची आहे. पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमाँटला असते, जर्सी तिच्या टाउनहाउसच्या भिंतीवर आहे. दर रविवारी फ्रीवेवरून ड्राइव्ह करता करता ती फोन करते. गप्पा चालू असताना मी मध्येच टेस्ट टाकतो, तिला कळणार नाही अशा. गेल्या आठवड्यात मी कुठली भाजी केली होती म्हणालो? रूममेटच्या कुत्र्याचं नाव काय? तिला वाटतं, बाबा म्हातारा झाला, विसरतो. ती हसते आणि बरोबर उत्तर देते, आणि माझा आठवडा निघतो.

ती बोलते सगळं इंग्लिशमध्ये, फक्त एक वाक्य लहानपणापासून मराठीत. गेल्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या तिनं ते म्हटलं, "बाबा, जेवलात का?" मी म्हटलं, हो, जेवलो, आमटी-भात. मग तिच्या ऑफिसचं निघालं, मग हवेचं. मागे गाड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी हॉर्न दिला, ती क्षणभर थांबली आणि तिनं विचारलं, "बाबा, जेवलात का?"

गाडी चालवताना लक्ष नसतं माणसाचं. माझंही नसतं. मेधा समोर बसून भाजी निवडत होती. तिनं मान वर करून खुणेनं विचारलं, काय झालं? मी मानेनंच काही नाही म्हटलं.

"हो," मी सईला म्हणालो. "जेवलो. आमटी-भात."